पोळीऐवजी काय? भाकरी, पाकीट की दोन्ही

रिपोर्ट हातात आला की घरातला पहिला प्रश्न पोळीचा असतो. आमच्याकडेही तोच होता. लेक नऊ वर्षांची, वजन वाढायचं थांबलेलं, लोहाचं औषध घेऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं. रक्ताची तपासणी झाली, मग एंडोस्कोपी, आणि सिलिअॅक असल्याचं कळलं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार. गहू आणि जव जन्मभर बंद. त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग भाकरी खाईल पोर, त्यात काय एवढं!" त्यांचं म्हणणं खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. ते कळायला आम्हाला आठ महिने लागले.

तुम्ही आज त्याच टप्प्यावर असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. पण अजून तपासणी झाली नसेल, नुसती शंका असेल, तर गहू सोडू नका. गहू बंद केला की रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे तपासणीत मोजतात त्या अँटीबॉडी, उतरू लागतात, आतडं भरून येऊ लागतं आणि रिपोर्ट खोटाच 'नॉर्मल' येऊ शकतो. आधी तपासणी, मग पथ्य. आणि घरात एकाला निघाला की आईवडील आणि सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं. या आजाराचा कल रक्ताच्या नात्यातून येतो.

आता पोळीचं. बाजारात 'ग्लूटेनमुक्त' लिहिलेलं पीठ मिळतं. त्यात साधारणपणे तांदूळ, मका, बटाट्याचं किंवा टॅपिओकाचं स्टार्च, कधी ज्वारी, आणि पीठ धरून ठेवायला झँथन गम किंवा इसबगोल असतं. त्याची पोळी लाटता येते, दिसायला पोळीसारखी दिसते, गरम असताना बरी लागते. गार झाली की ताठ होते आणि डब्यात तिचे तुकडे होतात. किंमत कणकेच्या कित्येक पट. तंतू कमी, स्टार्च जास्त, म्हणजे पोट भरतं पण अंगाला फारसं लागत नाही. तिच्या बाजूने एकच मोठी गोष्ट आहे: पाकिटावर भारतीय नियमाप्रमाणे 'ग्लूटेनमुक्त' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं. ही हमी सुट्या पिठाला नाही.

भाकरीचं उलट आहे. स्वस्त, पोटाला धरून राहणारी, चव आपल्या जिभेला ओळखीची. हमी मात्र आपली आपण मिळवायची.

मी कौल भाकरीला देते. वर्षाचे तीनशे दिवस भाकरी, आणि पाकीट वाढदिवसाला, पाहुण्यांना, किंवा "मला आज सगळ्यांसारखी पोळीच हवी" असं पोर रडवेलं होऊन म्हणतं त्या दिवशी. तो दिवस येतो. तेव्हा पाकीट घरात असावं.

भाकरी कोणती, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. माझं माहेर सोलापूरचं, त्यामुळे माझी ज्वारी, तीही शाळू. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी पांढरीशुभ्र, गोडसर आणि गार झाल्यावरही लवचिक राहते. सासूबाई राजापूरच्या, त्यांची तांदळाची. पाण्याला उकळी आणून उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची आणि पातळ थापायची. लहान मुलाला सुरुवातीला तांदळाचीच आवडते, कारण ती मऊ आणि बिनवासाची. पण पांढऱ्या तांदळात तंतू आणि लोह फारसं नाही, आणि निदान झालेल्या मुलाला नेमकं तेच कमी पडलेलं असतं. म्हणून तांदूळ आठवड्यातून दोनदा आणि ज्वारी रोजची, अशी आमची तडजोड झाली.

नाचणी मात्र दोन्ही पक्षांनी डोक्यावर घेतली. तिच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हाच्या सुमारे दहापट. ज्या आतड्याने वर्षानुवर्षं कॅल्शियम नीट शोषलेलं नाही, त्या पोराच्या हाडांसाठी हे फार मोलाचं आहे. नुसत्या नाचणीची भाकरी तुटते, काळी दिसते आणि मुलं नाक मुरडतात. ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा नाचणी घातली की कोणी तक्रार करत नाही. सकाळचं नाचणीचं सत्त्व घरचं असेल तर उत्तम. विकतची 'नाचणी बिस्किटं' मात्र उलटून मागचं लेबल वाचा, बहुतेकांत मैदा किंवा कणीक असतेच.

बाजरी थंडीतली. लोह चांगलं, भोगीला तीळ लावून केलेली तर काय सांगावी. पण पिठातल्या तेलामुळे ते लवकर कडवट होतं, आठवड्याचंच दळावं. ज्वारीचं पीठही फार दिवस ठेवलं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटून राहण्याचा गुण, जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. अशा वेळी गरम पाण्यात मळा, किंवा वाटीभर पिठाला चमचाभर इसबगोल घाला. लाटून केली तरी धरते. भाकरी थापता येत नाही म्हणून जी घरं पाकिटाकडे वळतात, त्यांना मी आधी हे करून बघायला सांगते.

आणि खपली. "खपली चालतो, तो जुना गहू आहे" असं सांगणारे खूप भेटतील, काही दुकानदारही सांगतात. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे, सिलिअॅकला तो चालत नाही. त्यावर वाद घालत बसू नका, फक्त घेऊ नका.

आता त्या आठ महिन्यांबद्दल. निदानानंतर आम्ही घरातून पोळी, शेवया, रवा, बिस्किटं, सगळं काढलं. लेक फक्त भाकरी आणि भात खात होती. तरी पोट दुखायचं, आणि सहा महिन्यांनी केलेल्या तपासणीत प्रतिपिंडं उतरायला हवी होती तेवढी उतरलीच नव्हती. मला वाटलं, शाळेत चोरून काही खाते. तिला रागावलेही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मग एके दिवशी सासरे दळण घेऊन गेले आणि तिथेच थांबले. पुढच्या माणसाचा गहू संपला आणि त्याच गिरणीत लगेच आमची ज्वारी पडली. दगडांत उरलेली कणीक, कापडी नळीला चिकटलेली कणीक, हवेत उडणारी कणीक, सगळी आमच्या डब्यात. यात गिरणीवाल्याचा काही दोष नाही, सगळ्यांचं दळण असंच निघतं.

हिशेब करून बघा. गव्हाच्या पिठात दहा टक्क्यांच्या आसपास ग्लूटेन धरलं, तर किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली तरी २० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडते. पाव ग्रॅम म्हणजे दोन बोटांची चिमूट. गिरणीत मूठभर सहज मिसळते.

तेव्हा खरी निवड धान्याची नाही, दळणाची आहे. पर्याय तीन. पहिला, ज्या गिरणीत ज्वारी-बाजरीची चक्की गव्हापासून वेगळी आहे ती शोधणं. खर्च काही नाही, पण शेजारच्या चक्कीची धूळ उडतेच, आणि तुमच्या मागे कोणी त्यात गहू टाकला नाही याची खात्री कोण देणार? दुसरा, ज्वारीचं किंवा नाचणीचं 'ग्लूटेनमुक्त' लिहिलेलं पाकीट घेणं. हे सुरक्षित आहे, पण महाग आहे, आणि ज्वारीची विरी दुकानातच गेलेली असते. तिसरा, घरघंटी. सुरुवातीचा खर्च मोठा आणि आवाजही मोठा, पण एकदा घेतली की प्रश्न मिटला. आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात आजतागायत गव्हाचा दाणा पडलेला नाही. पुढच्या तपासणीत आकडे खाली आले. ज्यांना ती परवडत नाही, त्यांनी तांदूळ आणि नाचणी धुऊन वाळवून मिक्सरवर दळावी आणि बारीक चाळणीने चाळावी. थोडं रवाळ राहतं, पण उकडीच्या भाकरीला चालतं. दाणे निवडून घ्यायला विसरू नका, किराणा दुकानातल्या सुट्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात.

सगळ्या घराने गहू सोडावा का? काही घरं सोडतात. आम्ही मधला मार्ग काढला: बाकीच्यांच्या पोळ्या पोळीभाजी केंद्रातून तयार येतात, घरात कोरडी कणीक उघडतच नाही. लेकीसाठी पोळपाट-लाटणं, तवा आणि चाळणी वेगळी. स्टीलची भांडी घासली की स्वच्छ होतात, लाकूड आणि चाळणीची जाळी होत नाही.

फोडणीतलं हिंग बहुतेक घरांच्या लक्षात येत नाही. बाजारातलं बांधणीचं हिंग नुसतं हिंग नसतं, त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवरचं वाचून तांदळाचंच घ्या. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात परंपरेने गहू असतो. सातूच्या पिठातही गहू किंवा जव असतो. माल्टचं दुधात घालायचं पेय जवापासून होतं. 'मल्टिग्रेन' शब्दाला भुलू नका. चकलीची तांदूळ-डाळींची भाजणी, उकडीचे मोदक, पुरणपोळीतलं नुसतं पुरण वाटीत तूप घालून, हे सगळं बिनधास्त. सणावारी आमची लेक उपाशी राहिलेली मला आठवत नाही.

बाहेर खायचं तर माझी पहिली पसंती उपवासाच्या पदार्थांना. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, सगळं ग्लूटेनमुक्त, आणि उपवासाला हिंग चालत नाही म्हणून तीही भीती नाही. साबुदाण्याची खिचडी हा महाराष्ट्रातल्या कोणत्याही स्टँडवर मिळणारा सगळ्यात भरवशाचा पदार्थ आहे. साबुदाणा वडा मात्र विचारून घ्या, कारण ज्या कढईत समोसे तळले त्याच तेलात तो तळला असेल तर उपयोग नाही. बटाटेवडा-भजी बेसनाची असली तरी प्रश्न तोच. उडपी हॉटेलात इडली बरी, पण ती रव्याची नाही ना ते विचारा. सांबारात हिंग असतं. डोसा रवा डोशाच्याच तव्यावर होतो. चायनीज सोडूनच द्या, सोया सॉसमध्ये गहू असतो. मालवणी खाणावळीत भात, तांदळाची भाकरी, माशाची आमटी आणि सोलकढी मिळते. तळलेल्या माशाला वरून रवा लावतात, तेवढा टाळा आणि तवा धुऊन तांदळाच्या पिठात तळून मागा. विनंती केली तर बहुतेक जण करून देतात. 'अॅलर्जी आहे' म्हटल्यापेक्षा 'गव्हाचा कण पोटात गेला तर आजारी पडते' म्हटलं की लोकांना लगेच समजतं.

म्हणूनच सुट्टीत कुठे जायचं हे ठरवताना कोकण आणि गोवा राजस्थान-पंजाबच्या फार पुढे आहेत. कोकणात आंबोळी, घावन, गोव्यात सान्न, सगळीकडे भात. गोव्याची पोई मात्र गव्हाची. राजस्थानात बाजरीची आणि मक्याची रोटी मिळते खरी, पण तीच परात, तोच तवा, आणि पानात बाटी. तिकडे जायचंच असेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. दक्षिणेत केरळ सोपं.

परदेशाचं थोडक्यात सांगते. इटली पास्त्याचा देश म्हणून घाबरू नका. तिथे सिलिअॅक रुग्णांची जुनी संघटना आहे, सरकार रुग्णांना ग्लूटेनमुक्त अन्नासाठी दरमहा मदत देतं, आणि 'सेन्झा ग्लुटिने', म्हणजे 'ग्लूटेनशिवाय', म्हटलं की वाढपी पुढचे प्रश्न स्वतः विचारतो. युरोपात पाकिटावर गहू-जव ठळक अक्षरात छापणं बंधनकारक आहे. जपान भाताचा देश असूनही अवघड: सोया सॉस सगळीकडे, प्यायला जवाचा चहा, आणि लेबलवर गहू लिहावा लागतो पण जव नाही. दोन्हींत निवड असेल तर इटली. विमानात ग्लूटेनमुक्त जेवण आधी नोंदवून मिळतं, पण ते शाकाहारी असेलच असं नाही, आणि दोन खास जेवणं एकत्र नोंदवता येत नाहीत. शाकाहारी असाल तर नोंदणी करताना विचारून घ्या आणि डबा बरोबर ठेवाच.

रेल्वेत मी काहीच विकत घेत नाही, केळी आणि शेंगदाण्याची चिक्की सोडून. एका दिवसाच्या प्रवासाला दशम्या: ज्वारीचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचं, चिमूटभर मीठ, थोडा गूळ, आणि जाडसर थापून तव्यावर तूप सोडून भाजायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. त्यापेक्षा लांब जायचं असेल तर सोलापूरची कडक भाकरी. पापडासारखी पातळ, पूर्ण वाळलेली, हवाबंद डब्यात कित्येक दिवस टिकते. विकत घेताना त्याच जागी पोळ्या होतात का ते विचारा. आम्ही आता घरीच करतो, एका माणसाला दिवसाला चार धरून. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसूण जास्त, हिंग अजिबात नाही, आणि दह्याचा डबा पहिल्याच स्टेशनाआधी संपवायचा.