हिंगणघाटचा चिप मशीनच्या पार्टवाला कोर्स, पोट्ट्यायले नक्की पाठवा

आमच्या हिंगणघाटले एका क्लासवाल्यानं आयटीआयच्या पोट्ट्यांसाठी वीकेंड कोर्स काढला, मोबाइल-कॉम्प्युटरातली चिप बनवणाऱ्या मशीनले पार्ट कोण देते यावर, आन् शिकवणं एक नंबर हाये भाऊ. चिपवाल्या कंपन्या सगळ्यायले माहीत, पण त्यायची मशीन कोणाच्या भरवशावर चालते हे कोणी सांगतच नाही. सरनं नेदरलँडच्या एएसएमएल कंपनीची ईयूव्ही मशीन (लय आखूड तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशानं चिपची नक्षी छापणारी) फळ्यावर पार खोलून दाखवली, आरसे जर्मनीच्या झाइसचे, लेझर ट्रम्फचा, तो वितळलेल्या कथिलाच्या थेंबावर मारतेत, सेकंदाले 50,000 थेंब, तवा कुठं 13.5 नॅनोमीटरचा प्रकाश निघते, आन् हा प्रकाश हवेतच शोषल्या जाते म्हणून आतमधी व्हॅक्यूम पाह्यजे, मंग एडवर्ड्ससारख्यायचे पंप आले. लाइट सोर्सवाली सायमर तर एवढी कामाची का एएसएमएलनं 2013 मधी पूरी कंपनीच घेऊन टाकली.

मले सगळ्यात पटलं ते व्हॉल्व्ह, ओ-रिंग (फटीतून हवा जाऊ न देणारं गोल कडं), गॅस मोजणारे कंट्रोलर यायचं. जिनिंगमधी एक रोलर घासला का काम अडते, तसंच हे, फक्त इथं एखादा कण सुटला तरी वेफर, म्हणजे जिच्यावर चिपा बनतेत ती सिलिकॉनची चकती, खराब. बारीक मशिनिंग येणाऱ्या पोट्ट्यायले याच्यात काम हाये, हे मले मनापासून वाटते.

प्रॅक्टिकल मात्र कमी पडते. नुसते फोटो दाखवून भागत नाही, एखादा जुना व्हॅक्यूम पंप तरी हातात द्या ना, मायक्रोमीटर द्या. फी ठीक हाये. बॅचमधी पोरं लय कोंबतेत, मागं फळा दिसत नाही, लवकर जाऊन पुढं बसा.