गाडी बेळगावची, गिऱ्हाईक गडहिंग्लजचं

पाडव्यानंतर माझी २०२० ची बीएमडब्ल्यू ३३०आय एम स्पोर्ट विकली. केए-२२ पासिंग, एकहाती वापर, ४१ हजार किलोमीटर. जुनी घ्यायला किंवा विकायला निघालेल्यांसाठी लिहितोय.

आधी गाडी. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २५८ हॉर्सपॉवर, ओढ मागच्या चाकांना. चोर्ला घाटात चढाला ट्रक आडवा आला की ४०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा जोर, काय असतो ते कळतं. पाय जरा दाबला की ऑटोमॅटिक स्वतःच गिअर उतरवते आणि ट्रक मागे पडलेला असतो. शहापूरच्या बोळात समोरून टेम्पो आला तर आलो त्याच वाटेनं ५० मीटरपर्यंत ती आपणहून स्टिअरिंग फिरवत मागं येते. सनरूफपेक्षा मला हेच जास्त उपयोगी पडलं.

विकताना मात्र या कशाचे पैसे आले नाहीत. एका व्यापाऱ्यानं दारात उभ्या उभ्या सांगितलं, "फीचर्सचं काय ओ, मॉडेल आणि किलोमीटर सांगा." त्यानं सांगितलेली किंमत ऐकून मी चावी परत घेतली. राग आला होता, अजून आहे.

शेवटी गडहिंग्लजचे एक तरुण डॉक्टर आले. सर्व्हिसच्या बिलांची फाईल त्यांनी पानन्‌पान वाचली. बंपरखालचा वीतभर ओरखडा मीच दाखवला. मग ते टॉर्च घेऊन पुढच्या टायरपाशी बसले. "काका, हे बघा, २२२०. म्हणजे २०२० च्या बाविसाव्या आठवड्यातलं टायर." मागचे दोन मी बदलले होते, पुढचे मूळचेच. नक्षी चांगली होती, पण रबराचं वय झालं होतं. दोन टायरचे पैसे कमी केले; त्यांचं बरोबरच होतं.

खरी दगदग कागदांची. दीड तासाच्या वाटेवरचं गाव, बोली तीच, पण राज्य दुसरं. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० तर लागतातच, वर दुसऱ्या राज्यासाठी फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे आरटीओचं ना-हरकत पत्र, लागते. कर्ज होतं म्हणून गाडीवरचा बोजा उतरवायला बँकेकडून फॉर्म ३५. वर महाराष्ट्राचा रस्ता कर, तो डॉक्टरांनी भाव करतानाच धरला होता. सीमेपलीकडं विकणार असाल तर हे आधी धरूनच किंमत सांगा.

आणि नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ती ५० टक्क्यांपर्यंत असते. विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या.

परवा डॉक्टरांनी एमएच-०९ च्या, म्हणजे कोल्हापूर पासिंगच्या, नव्या पाटीचा फोटो पाठवला. पुढचे दोन्ही टायर नवे दिसले.