पत्रे घ्यायचे तर या दुकानात: औसा रोडच्या पत्रेवाल्याबद्दल

आमच्या गावात पत्रा आला तो 1993 नंतर. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आमचं अर्धं माळवद खाली आलं, आणि त्यानंतर दगड-मातीच्या छताखाली झोपायला कुणी धजेना. माळवद होतं तोवर वळवाच्या वाऱ्याचं काही वाटायचं नाही. पत्र्यानं ती धास्ती घरात आणली. चैत सरला की माय बापूंच्या मागं लागायची, "पत्र्यावर दगडं वाढवा." दुपारून आभाळ काळंनिळं व्हायचं, शिवारातून धुराळा उठायचा, आणि आम्ही पोरं कणगीच्या आडोशाला. पत्रा उचलला गेला की तेच दगड खाली अंथरुणावर यायचे, हे ठाऊक असूनही दुसरा इलाज नव्हता. 2014 च्या गारपिटीत तर पत्र्याची पार चाळण झाली.

यंदा छत नवीन करायचं ठरलं. बाकी दुकानांत रंग दाखवतात. औसा रोडच्या या पत्रेवाल्यानं आधी विचारलं, "मामा, ओसरी कोणत्या अंगाला उघडीय?" मावळतीला, म्हटलं. मग कागदावर घर काढून दाखवलं: ओसरीतून शिरलेलं वारं पत्र्याला खालून ढकलतं, वरून जाणारं वर ओढतं. सगळ्यात जास्त ओढ कडेला आणि कोपऱ्यांना. म्हणून तिथं स्क्रू दाट, आडवे पाईप जवळजवळ, आणि पाईपसुद्धा भिंतीतल्या अँगलला जखडलेले. नुसता पत्रा पाईपला आवळला आणि पाईप भिंतीवर मोकळा राहिला तर सगळा सांगाडाच उडतो. खरंय, आमच्या भावकीत एकाचा पत्रा तसाच पाईपासकट ज्वारीच्या रानात सापडला होता.

माझा पुतण्या सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या म्हणण्यानं वाऱ्याच्या सरकारी नकाशात औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) सेकंदाला 39 मीटर वेग धरतात, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. तेवढ्या वाऱ्याला दगड काय करणार!

बसवणारी पोरं हाताची चांगली आहेत. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावरच मारला, म्हणजे भोकावर पाणी थांबत नाही. रबरी वायसर चेपून चपटा होऊ दिला नाही. जास्त आवळला की तो फाटतो आणि पहिल्याच पावसात गळती. रोहिणीत एक सपाटून वारं आलं, शेजारचा मांडव गेला, आमचा पत्रा नुसता वाजला.

तक्रारी आहेत. आज येतो म्हणून तिसऱ्या दिवशी आले. भोकं पाडताना पडलेला लोखंडाचा कीस पत्र्यावर तसाच सोडून निघाले होते. तो गंजला की पत्राही गंज धरतो. मी त्यांना शिडीवर चढून झाडायला लावला. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. आणि दुसऱ्यांपेक्षा महाग आहेत. भाव करायला जाऊ नका, चहा दोनदा पाजतात पण रुपयानं उतरत नाहीत.