हजार वर्षांचे राज्य: प्रकटीकरण 20 वाचायचे कसे?

प्रभू पुन्हा येणार, मेलेले उठणार, न्याय होणार, नवे आकाश व नवी पृथ्वी होणार, यावर खाली दिलेल्या चारही मतांचे एकमत आहे. वाद आहे तो बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, म्हणजे प्रकटीकरणाच्या, 20व्या अध्यायातल्या हजार वर्षांचा. पहिल्या सात वचनांत ती सहा वेळा येतात. ख्रिस्ताच्या राज्याची ही मुदत बायबलमध्ये दुसरीकडे कुठे नाही. अभ्यासवर्ग घेणाऱ्याने अध्याय 19 आणि 20 सलग वाचून आधी एक गोष्ट ठरवावी: 20वा अध्याय 19व्यातल्या आगमनाच्या पुढे घडतो, की तोच काळ पुन्हा सुरुवातीपासून सांगतो? बाकीचे बरेचसे यावरच ठरते.

पुढे घडतो असे धरले, तर आगमन आधी आणि हजार वर्षे नंतर. हे प्रीमिलेनियल मत. त्याची जुनी शाखा दुसऱ्या शतकातल्या जस्टिन आणि इरेनियस या ख्रिस्ती लेखकांपर्यंत जाते, आणि तिच्यात मंडळी (ख्रिस्ती विश्वासणारे) महासंकटातून, म्हणजे आगमनाआधीच्या छळाच्या काळातून, जाते. क्रम सरळ लागतो, ही जमेची बाजू. अडचण अशी की 19:21 मध्ये शत्रू मारले गेले, तर 20:8 मध्ये सैतान ठकवतो ती राष्ट्रे आली कुठून? शिवाय अनेक सद्भक्त ख्रिस्ती हे मानत नाहीत, असे जस्टिननेच लिहून ठेवले आहे.

ब्रदरन आणि अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्यांत ऐकू येते ती दुसरी शाखा, डिस्पेन्सेशनल. ती 1830च्या दशकात ब्रदरन उपदेशक डार्बीने मांडली आणि 1909च्या स्कोफिल्ड बायबलच्या (टिपांसह छापलेले इंग्रजी बायबल) टिपांनी दूरवर पोचवली. तिचा हिशेब दानीएल 9 वर उभा आहे: 70 सप्तके म्हणजे 490 वर्षे, त्यातली 69, म्हणजे 483 वर्षे, मसीहापर्यंत संपली, शेवटची 7 अजून यायची. त्या 7 वर्षांचा अर्धा भाग म्हणजे 42 महिने, 1260 दिवस. त्याआधी मंडळी गुप्तपणे मेघारूढ होऊन वर घेतली जाते. मांडणी नकाशासारखी स्पष्ट, म्हणून शिकवायला सोपी. पण 69 आणि 70 यांच्यामधली शतकांची मोकळी जागा दानीएल स्वतः सांगत नाही. आणि 1 थेस्सलनीकाकरांस 4:16 मध्ये गर्जना, आद्यदेवदूताची वाणी, तुतारी हे सगळे असताना ते आगमन गुप्त कसे म्हणायचे?

तोच काळ पुन्हा सांगितला आहे असे धरले, तर अमिलेनियल. पाचव्या शतकात ऑगस्टिनने हजार वर्षे म्हणजे मंडळीचाच काळ, असा अर्थ लावला. सैतान बांधलेला आहे तो राष्ट्रांना ठकवू नये एवढ्यापुरता (20:3); त्याला मत्तय 12:29 चा (बलवानाला आधी बांधणे) आधार. योहान 5:28-29 मध्ये नीतिमान आणि दुष्ट एकाच घटकेला उठतात, हा या मताचा सर्वांत भक्कम मुद्दा. कच्चा दुवा 20:4-5: पहिले पुनरुत्थान आत्मिक आणि लगेच पुढचे देहाचे, असे का मानावे? वसई किंवा गोव्याच्या कॅथलिक वाचकाला इथे फारसा पर्याय नाही. कॅथलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद 676 पृथ्वीवरच्या हजार वर्षांची सौम्य कल्पनाही नाकारतो. लुथरनांचा 1530चा ऑग्सबर्ग कबुलीनामा, कलम 17, त्याच बाजूचा.

पोस्टमिलेनियल मतात सुवार्तेने आधी जग बदलते, मग प्रभू येतो. मराठी नवा करार 1811 साली सेरामपूरहून छापणाऱ्या विल्यम कॅरीच्या पिढीत ही आशा जोरात होती. पहिल्या महायुद्धानंतर ती ओसरली.

मत कोणतेही घ्या, तारीख काढू नका. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरने दानीएल 8:14 चे 2300 दिवस वर्षे मानून इ.स.पू. 457 पासून मोजले. वजाबाकीत 1843 आले. शून्य वर्ष नसते हे लक्षात आल्यावर 1844 झाले. हिशेब नीट केला तरी 22 ऑक्टोबर 1844 ला प्रभू आला नाही. चूक मार्क 13:32 (तो दिवस पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही) ओलांडण्यातच होती.

कोणत्याही कबुलीनाम्याने बांधलेले नसाल, तर खरी निवड जुने प्रीमिलेनियल आणि अमिलेनियल यांच्यातच करावी, असे आमचे मत. 20:4-5 जड वाटले तर पहिले, योहान 5 जड वाटले तर दुसरे. वर्गात मात्र दोन्ही वचने एकाच दिवशी वाचायला घ्या.