पॉवरपॉइंट की गूगल स्लाइड्स?

माझी भाची फोंड्याला शिक्षिका. पंचायतीच्या सभागृहात तिला खाजन शेतीवर, म्हणजे गोव्यातल्या खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीवर बोलायचंय आणि स्लाइड्स कशात कराव्यात यावर गाडी अडलीय.

खर्चाचा प्रश्न लवकर सुटतो. गूगलला फक्त खातं लागतं. पॉवरपॉइंटचं पूर्ण रूप विकत घ्यावं लागतं, ब्राउझरमधलं फुकट आहे.

खरी मेख नेटची. पावसाळ्यात वीज गेली की नेटचाही भरवसा नसतो. गूगलची फाइल ऑफलाइन उघडते, पण ती सोय घरीच, नेट असताना चालू करून ठेवावी लागते आणि तीही स्वतःच्याच लॅपटॉपवर. पॉवरपॉइंटची फाइल पेनड्राइव्हवर घेतली की निघालात.

मात्र देवनागरी सांभाळा. वाळपईत दुसऱ्याच्या लॅपटॉपवर माझा फॉन्टच नव्हता. अक्षरं फुगली, शेवटची ओळ पडद्याखाली गेली. तेव्हापासून सेव्ह करताना फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करते. गूगलमध्ये फॉन्ट नेटवरूनच येतात, म्हणून हा त्रास सहसा होत नाही.

चौघींनी मिळून काम करायला गूगलच बरं; कोणी काय बदललं तेही दिसतं.

दोन्हींत एक गोष्ट सारखीच: मानशीचा, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दरवाजाचा, एकच मोठा फोटो लाव. भरतीला तिची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, हे तोंडाने सांग. परिच्छेद लिहिलास तर लोक वाचत बसतील, ऐकणार नाहीत.

गट असेल आणि सभागृहात नेट पक्कं असेल तर गूगल. एकटीने, परक्या लॅपटॉपवर, गावात बोलायचं तर पॉवरपॉइंट. भाचीला मी पॉवरपॉइंटच सुचवलंय.