एमजीबीच्या दारांना आतून नवीन पॅनल्स लावून नऊ महिने झाले, आता लिहितोय

लावल्या लावल्या लिहिणार होतो पण बरं झालं थांबलो, कारण पहिल्या आठवड्यात दोन्ही दारं एकसारखी झकास दिसत होती आणि आता तसं नाहीये.

गाडी एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजीची उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1972 ची. हे मॉडेल 1962 ते 1980 इतकी वर्षं निघत होतं त्यामुळे पार्ट्स आजही मिळतात, फक्त सगळ्या वर्षांची पॅनल्स एकसारखी नाहीत, ऑर्डर करताना वर्ष नीट बघून घ्या. माझी जुनी पॅनल्स खालून फुगून पोह्यासारखी सुटली होती, क्लिपा धरायला हार्डबोर्डच उरला नव्हता. नवीन जोडीसुद्धा हार्डबोर्डचीच, वर काळं रेक्झिन. रेक्झिनचं काम खरंच सुंदर आहे, दाबून काढलेल्या रेषा सरळ, कडेला कुठे चुणी नाही, नऊ महिन्यांत कोपरा सुटलेला नाही.

भोकांचं मात्र सांगतो. काच वर-खाली करायच्या हँडलचं भोक डाव्या पॅनलला बरोब्बर आलं आणि उजव्याला चांगलं चार मिलिमीटर सरकलेलं, म्हणजे सगळ्या क्लिपा बसल्या तरी हँडलचा दांडा भोकात मध्यभागी येईना. जोर लावू नका, पॅनल क्लिपेपाशी फुटतं. मी जुनं पॅनल नव्याच्या पाठीवर ठेवून पेन्सिलने खुणा केल्या, भोक मागून गोल कानशीने हळूहळू वाढवलं आणि रेक्झिन पुढून शेवटी कापलं, तेही गोल न कापता छोटी फुली मारून. हँडलमागच्या चकतीखाली सगळं झाकलं जातं. जुनी पॅनल्स कितीही सडलेली असोत, काम संपेपर्यंत टाकू नका.

आता मुख्य गोष्ट. पॅनलमागे जो प्लास्टिकचा कागद असतो ना, तो माझ्या गाडीत आधीच कुणीतरी फाडून टाकलेला होता. उजवं दार आधी केलं आणि घाईत कागदाशिवायच पॅनल बसवलं, वाटलं दारात पाणी कशाला येईल. पण येतंच, काचेच्या रबरापाशी फट असते, काचेवरचं पाणी त्यातून दारात उतरणारच, म्हणून तर तळाला पाणी जायची भोकं दिलेली असतात. माझ्या दोन्ही दारांची ती भोकं मातीने आणि गंजाच्या पापुद्र्यांनी गच्च बुजलेली. डाव्या दाराच्या वेळी हे लक्षात आलं, मग तारेने भोकं मोकळी केली, आतल्या पत्र्याला मेण मारलं, पॅनलच्या पाठीला आणि खास करून कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात दिले आणि जाड प्लास्टिक ब्युटाइल टेपने (चिकट रबरी पट्टी) चिकटवलं. ही टेप वाळून कडक होत नाही, पुढे कधी पॅनल काढून दार आतून खोलायचं झालं तर प्लास्टिक न फाटता निघतं. यात एकच बारकावा आहे पण सगळं त्यावरच आहे, प्लास्टिकची खालची कड दाराच्या आत गेली पाहिजे. ती बाहेर राहिली तर ओघळणारं पाणी नेमकं पॅनलच्या मागे येतं.

पाचव्या महिन्यात भरपूर पाऊस झाला. उजव्या पॅनलचा मागचा खालचा कोपरा आता बोटभर बाहेर आलाय, दाबला की मऊ लागतो, तिथली क्लिप निघाली. डावं अजून पहिल्या दिवसासारखं सपाट. एकच जोडी, एकच गाडी, एकच पाऊस. मला त्या कोपऱ्याचं फार वाईट वाटतं कारण रेक्झिन अजून नवंकोरं आहे.

विकणाऱ्यांना कोपऱ्याचा फोटो पाठवला, उत्तर आलं नाही. कोपऱ्याचा दोष मी त्यांना देत नाही, पण सरकलेल्या भोकाचा नक्की देतो, आणि प्लास्टिकबद्दल सोबतच्या कागदावर एक ओळसुद्धा नव्हती ती असायला हवी होती.

घ्यावीत का म्हणाल तर हो, दिसायला आणि हाताला ही पॅनल्स चांगलीच आहेत. प्लास्टिकच्या पाठीची मिळत असतील तर आधी ती बघा, ती फुगत नाहीत. मी उजव्याचं रेक्झिन सोडवून तशा नव्या शीटवर चढवणार आहे, भोकांच्या खुणा या वेळी डाव्या पॅनलवरून उलट्या करून घेईन.