मागील पानावरून पुढे: वाचननोंदीच्या रजिस्टरचा चौदा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला नाशिकच्या मेन रोडवरील एका स्टेशनरीच्या दुकानातून मी फुलस्केप आकाराचे, पुठ्ठा बांधणीचे २०० पानी रजिस्टर १९० रुपयांना घेतले. २०११ पासून जी पुस्तके वाचली त्यांची आठवेल तशी मागील नोंद करायची आणि यापुढे वाचू ती रोजच्या रोज चढवत जायची, एवढाच हेतू होता. या गोष्टीला आता चौदा महिने झाले, ३१२ नोंदी झाल्या आणि रजिस्टरची जवळपास दोन तृतीयांश पाने भरली.

सातपूरच्या एका कारखान्यात मी हिशेबाचे काम करतो, त्यामुळे आधीची दोन वर्षे ही नोंद साहजिकच एक्सेलमध्ये होती. एक्सेलमध्ये तांत्रिक दोष काही नव्हता. दोष होता तो तळाशी आपोआप होणाऱ्या बेरजेत. वर्षाला पन्नास पुस्तके असे लक्ष्य मी स्वतःला घालून घेतले होते. एका डिसेंबरात त्रेचाळीसवर अडकल्यावर कपाटातली सर्वांत बारीक कण्याची सात पुस्तके काढून ती दहा दिवसांत संपवली. त्या सातांपैकी एकाचेही नाव आज मला न बघता सांगता येणार नाही. दिवसभर ज्या पडद्यावर कारखान्याच्या मालाची आवक-जावक पाहायची, त्याच पडद्यावर रात्री पुस्तकेही मोजायची, यात काहीतरी चुकते आहे हे कळायला तरीही मला दोन वर्षे लागली. नव्या रजिस्टरात म्हणूनच अनुक्रमांकाचा रकाना ठेवला, पण वार्षिक बेरीज कोठेही मांडली नाही. ३१२ हा आकडासुद्धा हा लेख लिहिण्यासाठी पहिल्यांदाच पाहिला.

मागील नोंदी करण्याचे काम अपेक्षेपेक्षा फार अवघड निघाले. विकत घेतलेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर सही आणि तारीख घालण्याची माझी जुनी सवय आहे, परंतु ती तारीख खरेदीची असते. माल गोदामात आला म्हणजे तो वापरला गेला असे आम्ही हिशेबात कधी धरत नाही. पुस्तकांच्या बाबतीत मात्र मी वर्षानुवर्षे तसेच धरत आलो होतो. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांचा माग काढणे त्याहून कठीण होते. टिळक पथावरील सार्वजनिक वाचनालयासारखी १८४० पासून चालत आलेली संस्था गावात असल्यामुळे नाशिककराची बरीचशी पुस्तके वाचून परत गेलेली असतात आणि त्यांची घरात काहीच खूण उरत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आडगावला भरलेल्या ९४ व्या साहित्य संमेलनातील खरेदीची बिले मी जपून ठेवली होती. ती एका पाकिटात सापडली खरी, पण सगळी कोरी. थर्मल कागदावरचा छापा शाईचा नसून उष्णतेने उमटलेला असतो, आणि गच्चीवरच्या खोलीतील दोन-तीन उन्हाळ्यांत तो पार उडून गेला होता. शेवटी उपयोगी पडल्या त्या पुस्तकांत खुणेसाठी घातलेल्या वस्तू: बसची तिकिटे, मुलीच्या शाळेची फीची पावती, एका लग्नपत्रिकेचा फाडलेला कोपरा. लग्नाची तारीख सौ.ला तोंडपाठ निघाली, म्हणून त्या पुस्तकाचे वाचन निश्चितपणे मे २०१४ मध्ये पडले.

रजिस्टरात एकूण सहा रकाने आहेत. त्यांतला सर्वांत उपयोगी ठरला तो शेवटचा, ‘तीन महिन्यांनंतर काय उरले’. हा रकाना पुस्तक संपल्यावर कोराच ठेवायचा आणि तीन महिन्यांनी, पुस्तक न उघडता, दोन ओळींत भरायचा, असा नियम मी केला. पुस्तक संपवल्याबरोबर लिहिलेला अभिप्राय बहुधा पाठीवरच्या मजकुरासारखाच उतरतो, हा एक्सेलमधील ‘शेरा’ रकान्याचा अनुभव होता. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत तीन महिन्यांचा नियम अर्थातच दहा-बारा वर्षांचा झाला, आणि खरी गंमत तेथेच झाली.

‘बनगरवाडी’च्या ओळीत मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘वाचन २०१२, माळरान, मेंढरे, दुष्काळाने ओस पडलेले गाव’ असे लिहिले. पुढे पडताळणीसाठी पुस्तक वाचनालयातून आणले, तेव्हा मास्तरांनी गावकऱ्यांना जमवून तालीम बांधण्याचा एवढा मोठा भाग आपल्याला अजिबात आठवत नव्हता, हे ध्यानात आले. आणखी थोडा विचार केल्यावर कळले की, माझ्या डोळ्यांसमोर असलेला माळ १९५५ च्या कादंबरीतला नव्हताच. तो १९९५ मधील चित्रपटातला होता, आणि तोही मी दूरचित्रवाणीवर अर्धाच पाहिला होता. ती ओळ मी खोडली नाही. हिशेबात करतात तशी खाली दुरुस्तीची नोंद टाकली. अशा दुरुस्तीच्या नोंदी आजवर एकोणीस झाल्या आहेत.

‘कोसला’ची गोष्ट याच्या उलट. ही कादंबरी मी पहिल्यांदा विसाव्या वर्षी वसतिगृहात वाचली होती आणि मग महिनाभर आम्ही सगळे मित्र प्रत्येक वाक्यात ‘उदाहरणार्थ’ घालून बोलत होतो. तेव्हाचे जे उरले होते ते असे: मेस, खोल्या, पांडुरंग सांगवीकरची टवाळी. गेल्या दिवाळीत पुन्हा वाचली. वसतिगृहाच्या पानांवर या वेळी हसू आले तरी ते ओळखीचे हसू होते. मात्र धाकट्या बहिणीच्या मृत्यूच्या भागापाशी पुस्तक चार दिवस पालथे पडून राहिले. विसाव्या वर्षी मी तो भाग वाचला होता हे नक्की, कारण माझ्या जुन्या प्रतीत त्याच पानांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. खुणा का केल्या असतील हे मात्र आठवत नाही. वडिलांकडे महिन्याचा हिशेब पाठवणाऱ्या मुलाकडे आता मी वडिलांच्या बाजूने पाहतो, हाही एक फरक पडला, आणि तो मला फारसा आवडला नाही.

‘स्मृतिचित्रे’ची नोंद माझी एकट्याची राहिली नाही. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ मधला, नाशिकजवळच्या जलालपूरचा. आईचे माहेर तेथून जवळच, मखमलाबादचे. मी ओळ भरत असताना आई शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “त्या वडिलांच्या सोवळ्याचं लिहिलंस का? आमच्या आजोबांचं असंच होतं बाबा, सारा गाव हसायचा.” पुस्तकातील हसू आणि त्याच्या तळाशी असलेला जाच तिने एका वाक्यात सांगितला, म्हणून शेवटच्या रकान्यात तिचेच वाक्य उतरवून घेतले आणि पुढे कंसात ‘आई’ असे लिहिले.

आता वस्तू म्हणून रजिस्टरविषयी. कागद पहिल्या नजरेत जाडसर वाटतो, परंतु शाईच्या पेनाने लिहिल्यास शाई फुटते आणि मागच्या बाजूला उमटते, त्यामुळे पहिली वीस पाने एकाच बाजूने वापरावी लागली. जुलैत द्वारकेच्या चौकात पावसाने गाठले, पिशवीत पाणी गेले आणि शाईच्या पेनाने लिहिलेल्या चार पानांची निळी रांगोळी झाली. बॉलपेनची शाई तेलकट असल्यामुळे त्याच पानांवरच्या बॉलपेनच्या नोंदी जशाच्या तशा राहिल्या. त्या दिवसापासून मी साधे बॉलपेनच वापरतो. बांधणीबाबत मात्र तक्रार आहे. दुकानदाराने ‘जुजबंदी आहे, वीस वर्षे हलणार नाही’ असे, म्हणजे पाने दोऱ्याने शिवलेली आहेत असे, छातीठोकपणे सांगितले होते. सातव्या महिन्यात मधल्या फर्म्याचा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या जुडीचा, दोरा सुटला, तेव्हा पुढची पाने नुसती डिंकावर उभी असल्याचे दिसले. गावातल्या एका बाइंडरने साठ रुपयांत ती शिवून दिली आणि वर कापडी कणाही लावला. ते काम उत्तम झाले आहे.

या पद्धतीची मोठी अडचण शोधण्याची आहे. नोंदी वाचनाच्या क्रमाने होत असल्यामुळे हे रजिस्टर म्हणजे रोजकीर्द, तारखेच्या क्रमाने लिहिलेली वही, झाली. एखाद्या लेखकाची सगळी पुस्तके पाहायची तर खतावणी, म्हणजे नावानिहाय वही, हवी. त्यासाठी शेवटची बारा पाने आडनावांच्या अक्षरांनुसार राखून ठेवली होती, परंतु ‘क’ आणि ‘द’ची पाने सहा महिन्यांतच भरली, तर ‘ठ’चे पान अजून कोरे आहे. दहापैकी गुण देण्याचा रकाना पूर्णपणे वाया गेला: जवळजवळ प्रत्येक पुस्तकाला सात. तो मी नवव्या महिन्यापासून भरणेच सोडले. ‘कोठून आले’ हा रकाना मात्र गंमत म्हणून ठेवला होता आणि तो कामाचा ठरला, कारण उसनी आणलेली आणि अद्याप परत न केलेली अकरा पुस्तके त्यातून उघडकीस आली. त्यांपैकी आठ पोचती केली. दोघे मित्र गाव सोडून गेले आहेत, आणि एक पुस्तक कोणाचे हे रजिस्टरलाही माहीत नाही.

हे रजिस्टर दिवाळीपर्यंत संपेल. पुढचे घेताना दुकानातच मधून उघडून दोरा पाहीन, गुणांचा रकाना काढून टाकीन आणि त्या जागेत शेवटचा रकाना रुंद करीन, कारण दोन ओळी आता पुरत नाहीत. पहिल्या पानावर ‘मागील पानावरून पुढे’ म्हणून काय न्यायचे, याची यादी सध्या करतो आहे. तिच्यात त्या निनावी मालकाचे पुस्तक सर्वांत वर आहे.